चांदी उजळायचं पाणी

सासू स्ट्रेचरवर निपचित पडली होती, सात वर्षांची नात शेजारच्या खाटेवर ओकत होती आणि नणंद साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी ओरडत होती, "हिनंच घातलंय. माझ्या आईला हिनंच घातलंय." सून भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "म्हातारी गेली. विषबाधा आहे. पोरीचं आत्ताच काही सांगता येत नाही."

पोलिसातल्या नोकरीत बरीच मढी पाहिली आणि विसरले. हा दिवस विसरले नाही.

घर उचगावचं. सकाळी सत्यनारायण झाला. सुनेने चांदीच्या गडव्यातून पंचामृताचं तीर्थ आधी सासूच्या हातावर घातलं, मग लेकीच्या. तिसरा हात पुढे येण्याआधीच सासू कोसळली. नणंदेच्या फिर्यादीत एवढं होतं, आणि सासू-सुनेचं पटत नव्हतं हेही होतं. मी तेव्हा महिला हवालदार. साहेबांनी सुनेचा जबाब घ्यायला मला बसवलं. खुनाचं कलम लागलं असतं तर पोरगी वाचूनही आईविना राहिली असती.

जी बाई रडत नाही ती गुन्हेगार, असं लोकांना वाटतं. मला कधी वाटलं नाही. आणि विष कालवणारी बाई ते आपल्याच पोरीच्या हातावर घालत नाही. पण हा काही पुरावा होत नाही.

"सासूशी भांडण होतं?"

"व्हतं की. कुणाच्या घरात न्हाय?"

"काल कशावरून?"

"भांडी काळी पडल्यात म्हणून. तुझ्या माह्यारात देव बी असंच काळं असत्यात व्हय, म्हणाल्या. मग म्या पाणी घेतलं."

"कसलं पाणी?"

"चांदी उजळायचं. दारावर आलता इकायला."

तिला घरी नेलं. गडू आधीच जप्त झाला होता, म्हणून एक तांब्या आणि साधं पाणी देऊन तिला पंचांसमोर सगळं करून दाखवायला लावलं. तिने पाणी तांब्यात ओतलं, खळबळलं, परत बाटलीत ओतलं, तोंडाशी फडकं फिरवलं आणि तांब्या ठेवून दिला. अरुंद तोंडातून तिचा हात आत जात नव्हता. तळाशी पाणी तसंच राहिलं.

"धुतला नाहीस?"

"धुवायचा न्हाय म्हणाला त्यो. चमक जाती म्हणाला."

मोरीजवळ बाटली सापडली. थंड पेयाची, वर काही लिहिलेलं नाही. पंचनामा करून ती प्रयोगशाळेला पाठवली. अहवालाची वाट बघत बसणं शक्य नव्हतं. गौरी तोंडावर आल्या होत्या, घरोघरी चांदी निघणार होती. गाडीवर भोंगा लावून गावातल्या बाटल्या गोळा केल्या. बाटली आणून देणाऱ्या एका बाईनेच सांगितलं, विकणारा हुपरीचा.

हुपरीत त्याचं घर म्हणजेच चांदीचा कारखाना. पुढच्या खोलीत पैंजण, मागे संसार. गडी बिनघोर होता.

"बाई, आमी रोज वापरतोय. मेलोय का? साबणासारखं हाय त्ये."

मी वाद घातला नाही. आत गेले. देव्हाऱ्यात चांदीचं निरांजन लखलखत होतं. त्याच्या बायकोला म्हटलं, "झकास उजळलंय. त्याच पाण्यानं का?"

"न्हाय वो. चिच आन् राख. त्ये पाणी सैपाकघरात आणू देत न्हाईत ह्ये. हात लावलास तर तंगडं मोडीन म्हणत्यात. सायनाइड असतंय त्यात."

"तुला कुणी इचारलं गं?" तो पुढच्या खोलीतून ओरडला.

"मी विचारलं, पावणं," मी म्हटलं. "आता तुम्ही सांगा."

मग त्याने सांगितलं. पैंजण उजळायचं तेच पाणी, पातळ करून विकलेलं. कारखान्यात पैंजण नंतर चांगले धुतात. घरी धुतलं की डाग पडतात आणि बायका भांडायला येतात, म्हणून तो धुवू नका सांगायचा. "मला वाटलं जोडवी-पैंजण घासतील. गडव्यात कोण घालंल?" पुढे अहवालातही सायनाइडच आलं.

गडव्यात कोण घालेल, हे विकण्याआधी विचारायचं असतं. कारखान्यातली वस्तू घरात आली की ती भांड्यात जाणार, मोरीत जाणार, लेकरांच्या हाताला लागणार. तेव्हापासून कुणी काही सुरक्षित आहे म्हणून सांगितलं, की तो स्वतःच्या घरात काय वापरतो ते मी बघते. बाटलीवर काही लिहिलेलं नसेल तर ती दारातूनच परत पाठवते.

सुनेवर गुन्हा लागला नाही, विकणाऱ्यावर लागला. सासू गेली, नात वाचली.