वेंगुर्ल्याची बोट

वडिलांची बदली जयपूरला झाली तेव्हा मी आईच्या कडेवर होते, त्यामुळे मला समुद्र आठवत नव्हता. आईला मात्र तो रोज आठवायचा. तिचं माहेर वेंगुर्ल्याचं. आजी लवकर गेल्याने आईला तिच्या थोरल्या बहिणीने वाढवलं होतं. माझी ही मावशी, आईची अक्का. आम्ही जयपूरला आल्यापासून दोघींची भेट नव्हती.

पन्नास सालानंतरच्या त्या दशकात एकदाची वडिलांना मे महिन्यात रजा मिळाली. मुंबईपर्यंत गाडी आणि पुढे बोट असं ठरलं. ट्रंका भरल्या आणि मला ताप आला. आमच्या घरमालकीणबाई, ज्यांना आम्ही माँजी म्हणायचो, म्हणाल्या, "लू लगी है," आणि त्यांनी कैरीचं पन्हं पाठवलं. ताप उतरेना. डॉक्टरांनी टायफॉईड सांगितला.

"महिनाभराने जाऊ," वडील म्हणाले.

"महिनाभराने बोट कुठली? पाऊस लागला की बंदच. मग थेट दिवाळी."

दुसऱ्या दिवशी वडिलांनी तिकिटं परत केली.

दुपारी आई खिडकीतल्या वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारायची, माझ्या कपाळावरची पट्टी बदलायची आणि त्या बोटीबद्दल बोलत राहायची. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण. वेंगुर्ल्याला बोट किनाऱ्याला लागत नाही, पडावात, म्हणजे लहान होडीत उतरावं लागतं, खलाशी दंड धरून अलगद खाली घेतात.

"मतलब, बोट रात्री पण चालते?" मी विचारायचे.

"मतलब काय गो? अक्का हसेल तुला. 'मावशे, मी इलंय' असं म्हणायचं तिथे गेल्यावर."

मी पडल्या पडल्या ते घोकायचे. ताप एकदा उतरून पुन्हा चढला. त्या दिवसांत आई फक्त माँजी माझ्यापाशी येऊन बसत तेवढा वेळ झोपायची. मी उठून चालू लागले तोवर माझे केस गळून गेले होते आणि आईच्या बांगड्या हातात सैल झाल्या होत्या.

दिवाळीत आम्ही निघालो. बोटीवर मला उलट्या झाल्या, आईला काही झालं नाही. कठड्याला धरून ती एकेक बंदर ओळखत होती. पडावातून उतरलो तर धक्क्यावर मावशीचे यजमान एकटेच उभे होते.

"अक्का खंय?" आईने विचारलं.

त्यांनी आमची ट्रंक उचलली, पुन्हा खाली ठेवली. "पावसात तिच्या अंगावरसून वारो गेलो. डावी बाजू गेली. बोलणा बंद."

"आमका कळवूक नाय, भावजी?"

"तुझ्या घरात पोर आजारी. तुका कसा सांगूचा?"

आई तिथेच धक्क्यावर बसली. वडिलांनी तिला हात दिला, पण ती बराच वेळ उठली नाही.

मावशी खाटेवर उशांना टेकून बसली होती. मी पुढे जाऊन म्हटलं, "मावशे, मी इलंय." तिचा अर्धा चेहरा हसला. मग तिने उजवा हात माझ्या डोक्यावरून, नुकत्या उगवलेल्या केसांवरून फिरवला आणि आईकडे बघून रडू लागली. आमच्याबद्दल तिला जे विचारायचं होतं ते सगळं त्या रडण्यात आलं असावं. आईने तिची वेणी घातली, तिला पेज भरवली. बोलत एकटी आईच होती.

पुढच्या वर्षी पाऊस सरून बोटी सुरू व्हायच्या आत मावशी गेली. आई पुन्हा वेंगुर्ल्याला गेली नाही. आजार काही मी मागून आणला नव्हता, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणी कधी मला दोषही दिला नाही. तरी मला वाटतं, मेमध्ये त्या दोघी आठ दिवस बोलल्या असत्या.

मोठी झाल्यावर मी एकदा आईला विचारलं, "मावशीचा आवाज कसा होता गं?"

ती भाजी निवडत होती. "जरा बसका," ती म्हणाली. मग अक्का आपल्याला हाक कशी मारायची ते दाखवायला तिने तोंड उघडलं, आणि तिला ते जमलं नाही.