बुळबुळ

मच्छीवाल्या मावशीने माझं संशोधन धुऊन टाकलं. तेही मीठ लावून, चोळून चोळून.

सुरतेहून सकाळच्या गाडीने नवापूरच्या बाजारात समुद्राचा मासा येई. त्यातल्या शिंगाळ्याच्या अंगावरची बुळबुळ मला हवी होती. तिच्यात जंतू मारणारी पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे असतात. ते वेगळे काढून कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासायचे, हा माझा विषय. आणि मावशीचा एकच हेका, "धोयाबिगर मी मासा देस नही!"

"मावशी, धोऊ नको" म्हणेपर्यंत मासा बादलीत गेलेला असे. मग लख्ख होऊन माझ्या डब्यात. बघून कोणीही खूश व्हावं. मला रडू येई. एकदा आधीच बजावून ठेवलं, तर ती दुखावली. शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शिकेल सवरेल पोर शे, नि घान मांगी ऱ्हायनी!" आणि प्रेमाने दोनदा धुतला. डोक्यात तिडीक जाई, पण शिंगाळा आणणारी ती एकटीच.

शेवटी माझ्या मार्गदर्शक सरांनी सांगितलं, या खेपेला काही हाती लागलं नाही तर विषय बदला. तीन वर्षं अक्षरशः पाण्यात! मी मावशीच्या पाटीसमोर बसून चक्क भांडले, भांडता भांडता रडले. तिने बादली बाजूला सारली. गिऱ्हाइकांकडे पाठ करून मासा तसाच डब्यात ठेवला, वर फडकं टाकलं.

"मन्ही पाटीना शे, हाई कोनले सांगू नको. मन्हं नाव जाई."

त्या बुळबुळीतून काढलेल्या थेंबाभोवती काचेच्या बशीतले जंतू मेले, स्वच्छ कडं उमटलं. फोटो दाखवायला मी धावत गेले. तिने बराच वेळ पाहिला.

"इतली दवाई मी गटारमा टाकी?"

औषध व्हायला अजून फार अवकाश आहे, कदाचित होणारही नाही, हे पाचदा सांगितलं. ऐकेल ती मावशी कसली!

पुढे पुण्याला नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी आईला आवडतो म्हणून खायला मासा घ्यायला गेले. उद्या निघतेय म्हटल्यावर मावशीने डोळे पुसले. बादलीकडे बघितलंसुद्धा नाही. मासा फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला.

"हात बी लायेल नही. तुन्हाकरता."

हा खायचा आहे, हे सांगायला तोंड उघडेना. घरी येऊन चरफडत मी तो मोरीत मीठ लावून चोळला. बुळबुळ वाहून जाताना बघवेना. अजून गाव सोडलंही नव्हतं, आणि मावशीची आठवण यायला लागली होती.