बिनसाखरेचे चेअरमन

इंदापुरात बारामती रोडला माझं पाईपचं आणि ठिबकचं दुकान आहे. पण खरं सांगू का, दुकानात पाईपांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. पाईप निदान उन्हाळ्यात खपतात तरी! किश्शांचं तसं नाही. एक सांगून होईतोवर शनिवार उजाडतो, संध्याकाळी मॅच असते, आणि तेच शहाणे परत माझ्या टीव्हीपुढं खुर्च्या ओढून बसतात.

शहाणे म्हणजे मी धरून चार. भानुदास तात्या, वरकुट्याचे, पक्के ऊसवाले. माने सर, हायस्कूलला गणित शिकवतात आणि घरीही तेच करतात. अमोल, लोणी देवकरच्या एमआयडीसीत सुपरवायझर. आणि मी. चौघंही एकाच टीमचे. इंग्लंडातल्या लीगमधली टीम आहे, नाव सांगत नाही, उगाच चारचौघांत हसं नको. आम्ही तिला जर्सीवरून 'तांबडी' म्हणतो. आणि जिचं नाव निघालं की तात्या चूळ भरतात, ती 'निळी'.

आमच्या भागात दोन माणसं एकत्र आली की चेअरमन लागतो आणि तिसरा आला की विरोधी गट तयार होतो. त्यामुळं आमचंही मंडळ झालं. तात्या चेअरमन, बिनविरोध. माने सर सचिव. मी खजिनदार, कारण टीव्ही माझा. अमोल विरोधी गट.

* * *

तात्यांना फुटबॉलचा नाद लेकीनं लावला. प्रतीक्षा शाळेत असताना बारामतीला प्रॅक्टिसला जायची. तात्या तिला मोटरसायकलवर सोडायचे आणि सुटेपर्यंत मैदानाच्या कडेला बसून राहायचे. बसून बसून ऑफसाईड कळायला लागला. मग बापलेक मिळून टीव्हीवर मॅच बघायला लागले. टीम लेकीनं निवडली. बापानं विचारलंसुद्धा नाही की का.

सहा वर्षांपूर्वी तांबडीची लीग शेवटच्या दिवशी, एका पॉईंटानं गेली. तात्या उठले, टीव्हीपुढं उभे राहिले, हातातला चहा खाली ठेवला आणि म्हणाले, "ही टीम चॅम्पियन हुईस्तोवर साखर तोंडात घालणार न्हाय!"

आम्हाला वाटलं, आठवड्यात विसरतील. कसलं काय! माणूस आठ एकर ऊस पिकवतो, कारखान्याचा सभासद आहे, दिवाळीला सभासदांची साखर घरी येते, आणि हे फिका चहा पितात. पुरणपोळीच्या दिवशी आमटीभात खाऊन उठतात.

एकदा एसटी स्टँडवर चहावाल्यानं फारच मायेनं विचारलं, "तात्या, शुगर हाय का तुमाला?"

"न्हाय," तात्या म्हणाले, "फुटबॉल हाय."

* * *

मग तांबडीला नवा कोच आला आणि मंडळात फूट पडली.

या बाबानं गोलकीपरपासून बारीक बारीक पास सुरू केले. तात्यांना लांब बॉल आवडतो. कीपरनं हाणला की थेट पलीकडच्या गोलपाशी पडला पाहिजे! माने सरांना बारीक पास आवडतात, कारण ते मोजता येतात.

"तात्या, ही ठिबक आहे," सर म्हणाले. "थेंब थेंब, मुळापाशी. एक थेंब वाया नाही."

"मुळापाशी? सगळं पाणी कीपरच्याच मुळापाशी साठलंय की! फुडं पीक वाळून चाललंय!"

"तुमचं पाटपाणी. सोडलं दारं, गेलं वाहून. पझेशन बघा, पझेशन!"

"पझेशन घालून गोल मिळत्यात का? सातबारा हाय व्हय त्यो, ताबा दाखवायला?"

तेवढ्यात आमच्या कीपरनं दोन फुटांवर पास दिला, तो समोरच्या पोरानं उचलला आणि गोल! तात्या खुर्चीवरच उभे राहिले. "चोक झाली! नळी चोक झाली तुमची!"

दुकानात त्या वेळी एक गिऱ्हाईक आलेलं. निमगावहून आलेला माणूस, तीन एकराला ठिबक बघायला. अर्धा तास तो बिचारा कोपऱ्यात उभा राहून सगळं मन लावून ऐकत होता. मी कॅटलॉग घेऊन गेलो तर म्हणाला, "नगं शेठ. हितं एवढी जाणती माणसं बसल्यात, त्यांचंच एकमत न्हाय. आमचं पाटपाणीच बरं हाय."

आणि गेला! सचिवांना मी आठवडाभर चहा पाजला नाही.

* * *

सलग तीन मॅच ड्रॉ झाल्यावर तात्यांनी जादा सर्वसाधारण सभा बोलावली. विषय एकच, कोचला काढणे.

सभा माझ्या गोडाऊनमध्ये, पाईपांच्या बंडलावर बसून. हजर चार. सरांनी इतिवृत्ताची वही आणलेली. तात्यांनी ठराव मांडला, मी अनुमोदन दिलं, अमोलनं विरोधी गट म्हणून सभात्याग केला आणि गाडीची चावी आतच राहिली म्हणून परत आला. तोवर "मंजूर, मंजूर" झालं होतं.

ठराव इंग्रजीत करून सरांनी क्लबला ईमेल केला. दोन मिनिटांत उत्तर! आपल्या संदेशाबद्दल आभारी आहोत, नवीन जर्सीवर सवलत चालू आहे.

"बघा!" तात्या म्हणाले. "दखल घेतली!"

पण पुढच्या शनिवारी तांबडीनं चार गोल मारले. त्याच्या पुढच्याला तीन. हळूहळू टीम वर सरकली आणि थेट पहिल्या नंबरवर जाऊन बसली. आता काय करायचं? सर म्हणाले, "ठराव मागं घेऊ. अभिनंदनाचा करू."

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मागं घ्यायचा न्हाय. प्रलंबित ठेवा."

* * *

अमोलच्या फॅक्टरीत शिफ्टचं टार्गेट लिहायला पांढरा बोर्ड आहे. अमोलनं एकदा रिकाम्या वेळात त्यावर लीगचं गणित मांडलं. तांबडीचे पॉईंट, निळीचे पॉईंट, उरलेल्या मॅच, बाण, गोल, सगळं.

तेवढ्यात पुण्याहून मोठे साहेब राउंडला आले. बोर्डापुढं थांबले. अमोलला घाम फुटला.

"हे काय आहे?"

"टार्गेट, सर."

"कुणाचं?"

"आपलंच, सर."

साहेब डायरीत काहीतरी लिहून निघून गेले. अमोल घरी बायकोला सांगून बसला, आपली बदली नक्की. दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्टला गेला तर बोर्डावर खाली लाल पेनानं लिहिलेलं, 'निळीची एक मॅच मोजायची राहिली आहे. दुरुस्त करा.' आणि खाली साहेबांची सही!

* * *

त्याच सुमारास प्रतीक्षाला बघायला पाहुणे आले. मुलगा कऱ्हाटीचा, निखिल, बारामतीला कंपनीत इंजिनिअर. माणसं चांगली. पोहे झाले, शेती विचारून झाली, मामा-मावशांच्या ओळखी निघाल्या. तात्यांनी मलाही बोलावलं होतं, जबाबदार माणूस म्हणून.

सगळं जुळत आलं आणि तात्यांनी चष्मा पुसत विचारलं, "फुटबॉल बघता का?"

"बघतो की," निखिल म्हणाला.

"कुठली टीम?"

पोरगं खोटं बोलू शकलं असतं. पण नाही! सरळ निळीचं नाव घेतलं.

तात्या उठून मोरीकडं गेले आणि चूळ भरून आले. तात्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, डोक्याला हात लावला. पाहुण्यांना वाटलं, पोह्यात खडा आला असंल.

तात्या आत जाऊन लेकीला म्हणाले, "पोरी, निर्व्यसनी हाय म्हणून सांगितलंवतं की गं!"

प्रतीक्षा हसायला लागली. "मला पसंत हाय, तात्या. हरल्यावर चिडवायला घरात कुणीतरी पायजे का न्हाय?"

तात्यांचं काही चाललं नाही. तिच्यापुढं तसंही त्यांचं कधी चालत नाही.

* * *

साखरपुडा ठरला मे महिन्यातल्या शनिवारी, गोरज मुहूर्तावर. आणि मग सरांनी वही उघडून जाहीर केलं की त्याच शनिवारी पाच वाजता निळीची मॅच आहे. निळी जिंकली नाही, तर तांबडी तिथल्या तिथं चॅम्पियन! जिंकली, तर लीग शेवटच्या रविवारपर्यंत लोंबकळणार.

त्याच दिवशी काकू स्वतः दुकानात आल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"शेठ, साखरपुड्याला व्याही व्याह्याच्या तोंडात पेढा घालत्यात. ह्यांनी तोंड उघडलं न्हाय तर? माणसं काय म्हंतील? मुलीच्या बापाला सोयरीक पसंत न्हाय, असंच म्हंतील की! माझ्या लेकीनं सासरी कुठलं तोंड घिऊन जायाचं?" डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. सहा वर्षं आम्ही ज्या गोष्टीवर हसत होतो, तिची त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली.

तात्यांना गाठलं. सर म्हणाले, "शुगर-फ्रीचा पेढा करून घेऊ. नियमात बसतंय."

तात्या खवळले. "लेकीच्या साखरपुड्याला खोटी साखर?"

"मग खरी खावा!"

"शब्द दिलाय. निळी हरली तर खाईन." पण बोलताना त्यांनी आमच्याकडं बघितलं नाही. त्यांनाही तो घास आत्तापासूनच अडकला होता.

* * *

आता शेवटचा किस्सा. हा मी डोळ्यांनी बघितलाय, कारण पेढ्याचं ताट माझ्याच हातात होतं.

कार्यालय माणसांनी भरलेलं. काकूंनी तात्यांचा मोबाईल सकाळीच काढून घेतलेला. अमोल मागच्या रांगेत, मोबाईल मांडीवर, वर पत्रिका धरून. दर दहा मिनिटांनी तो मला खूण करायचा. निळी एक-शून्यानं पुढं. अजून पुढं. अजून पुढंच! स्टेजवर बसलेला निखिलही मधूनमधून शेरवानीच्या खिशात डोकावत होता, आणि शेजारून प्रतीक्षाही.

कुंकू झालं, ओटी झाली, अंगठ्या झाल्या. सहा पन्नासला अमोलनं मान हलवली. मॅच संपली. निळी जिंकली.

प्रतीक्षा बापाच्या पाया पडली. उठताना ती त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. लेक हळवी झाली असंल, मी मान वळवली.

मग व्याही पुढं आले. ताटातला पेढा उचलला आणि तात्यांच्या तोंडापाशी नेला. "घ्या, व्याही!"

तात्यांचं तोंड मिटलेलं.

व्याही हसले, पेढा आणखी पुढं केला. तोंड मिटलेलंच. फोटोग्राफर थांबला. बायकांच्यात कुजबुज सुरू झाली. व्याह्यांचं हसू ओसरलं, हात तसाच हवेत. काकूंकडं तर बघवत नव्हतं. मला वाटलं, ताट टाकावं आणि स्वतःच तात्यांचा जबडा उघडावा!

तेवढ्यात निखिल उठला. तात्यांच्या कानापाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "तात्या, मॅच संपली. आमी हरलो."

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. निळीचा माणूस, टीम जिंकलेली असताना!

तात्यांनी त्याच्या तोंडाकडं बराच वेळ निरखून बघितलं. मग डोळे भरून आले आणि त्यांनी तोंड उघडलं. पेढा आत गेला. टाळ्या! व्याह्यांनी मिठी मारली. काकू पदर डोळ्याला लावून हसायला लागल्या. तात्यांनी लगेच दुसरा पेढा मागितला, मग तिसरा.

फक्त पहिल्या रांगेतल्या माने सरांनी ते ऐकलं होतं; ते तणतणत स्टेजकडं यायला लागले. "स्कोअर चुकीचा सांगितलाय! एक-शून्य..." मी ताटातला पेढा उचलून त्यांच्या तोंडात कोंबला आणि वर दुसरा घातला.

रविवारी सकाळी आम्ही तिघं दुकानात तोंड पाडून बसलो. तात्यांना सांगायचं कुणी? सर म्हणाले, सचिव म्हणून हे माझं काम नाही. अमोल म्हणाला, विरोधी गटानं सांगितलं तर राजकारण दिसंल. तेवढ्यात तात्याच आले. इस्त्रीचा शर्ट, मुद्रेवर समाधान. समोरच्या हॉटेलाकडं बघून ओरडले, "चार चहा! माझ्यात साखर जास्ती घाल!"

आता सांगावंच लागणार होतं. मी घसा खाकरला. "तात्या, कालची मॅच..."

"एक-शून्य," तात्या म्हणाले. "शेवटची पाच मिन्टं कोपऱ्यात बॉल दाबून हुबी व्हती निळी, भित्री कुठली!"

अमोल खुर्चीतून अर्धा उठला.

"तुमाला... कवा कळालं?"

"पाया पडताना परतिक्षानंच सांगितलं की."

"म्हंजे पेढ्याच्या आधी?" सरांच्या हातातली वही खाली पडली. "तात्या, मग नवसाचं काय? तांबडी कुठं चॅम्पियन झालीये?"

चहा आला. तात्यांनी कप उचलला, फुंकर घातली, एक मोठा घोट घेतला आणि डोळे मिटून घेतले.

"अरं, निळीच्या माणसाच्या तोंडून 'आमी हरलो' ऐकलं या कानांनी. आनी चॅम्पियन म्हंजे काय येगळं असतंय?"