दाराकडे तोंड करून

ओसाकाहून फुमिकोआजींच्या मुलीचा फोन आला. "आई गेली," एवढंच ती बोलली. त्याला आता महिना होईल.

फुमिकोआजी कुवेतमध्ये सलवाला आमच्या वरच्या मजल्यावर मुलीकडे राहत. त्यांचे जावई आणि माझे यजमान अहमदी गावात एकाच ऑफिसात. आजी जपानमधल्या मोठ्या सरदार घराण्यातल्या आणि त्यांचं लग्न एका राजपुत्राशी झालेलं, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आलं होतं. माझ्याशेजारी बसून मेथी निवडत मराठी शिकणारी ही बाई राजाची सून?

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य शहरात शिरलं तेव्हा मुलगी-जावई सुट्टीवर जपानला गेलेले. आजी एकट्याच होत्या. काही देशांच्या लोकांना हुडकून ओलीस नेतात, त्यांत जपानीही आहेत, असं कानावर आलं. आम्ही त्यांना खाली आमच्याकडे आणलं. सासूबाईंचं मागे राहिलेलं लुगडं नेसवलं, पदर कपाळावर ओढला आणि भिंतीकडे तोंड करून निजवलं.

एका दुपारी हे खुबूस, म्हणजे तिथली रोटी, आणायला बाहेर पडले आणि दार वाजलं. दोन शिपाई. एकजण थेट आतल्या खोलीत शिरला. "ही कोण?"

"सासू. हिंदी. मरीदा," मी म्हणाले. भारतीय आहे, आजारी आहे, एवढं सांगण्यापुरतंच माझं अरबी. तो पलंगावर वाकला. मी आजींचा हात धरला. त्या उकाड्यातही तो गार पडला होता. इतक्यात आजी कण्हल्या, "आई गं..." अगदी आपल्याकडच्या म्हातारीसारख्या! शिपाई मागे सरला. जाताना दोघांनी आमचा रेडिओ तेवढा उचलला.

संध्याकाळी मी ताट पुढ्यात घेऊन नुसती बसले होते. तेव्हा आजींनी माझ्या ताटातला पहिला घास स्वतः खाल्ला आणि आपली हकिगत सांगू लागल्या. लग्न ठरल्याचं वडिलांनी जेवताना सांगितलं. मुलगा जपानने जिंकलेल्या राज्यातला राजपुत्र. हिला कुणी विचारलं नाही, त्यालाही नाही. सासरी नोकरचाकरांच्या लेखी ती शत्रूची पोर. जेवणात विष घालतील या धास्तीनं ती उपाशी राहू लागली. मग एके दिवशी नवऱ्यानं तिच्या वाडग्यातला पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला.

"मग गेली भीती?" मी विचारलं.

"छे. पण मग दोघं मिळून घाबरायचो," त्या म्हणाल्या. "जेव तू."

पुढे त्या देशांच्या बायकांना जाऊ देणार असं जाहीर झालं. तेव्हा आम्ही त्यांना बसमध्ये चढवलं. त्या सुखरूप पोचल्याचं कळेपर्यंत जीव टांगणीला लागला होता.

नंतर आम्हीही भारतात निघून आलो; युद्धानंतर दोन्ही कुटुंबं सलवाला परतली. जावई निवृत्त होऊन ते सगळे ओसाकाला जाईपर्यंत, पुढे कितीतरी वर्षं, आजी दुपारच्या चहाला खाली येत. बसायच्या त्या नेहमी दाराकडे तोंड करून, पाठ ताठ. "राजघराण्याची शिस्त," मुलगी कौतुकानं म्हणे. आजी नुसत्या हसत. दार वाजलं की टेबलाखाली त्यांची बोटं माझा हात शोधत, ते मुलीला कधी दिसलं नाही.

हल्ली चहा मी एकटीच घेते. त्यांच्याच खुर्चीत बसते... दार दिसलं पाहिजे.