मिरच्यांचा ठसका
फोडणीत मिरची जळाली की मला माधव नगरातली ती उन्हाळ्यातली दुपार आठवते. धाकटा भाऊ तापाने फणफणला होता, डॉक्टरांनीही हात टेकले होते. त्याच सुमारास चर्चमधल्या कुणीतरी आईला एक जाड कादंबरी दिली. तिच्यात एका गावाच्या छपरांवर सैतानाचे सैनिक बसलेले असत आणि माणसं प्रार्थना करत तोवरच देवदूतांच्या तलवारीत बळ राही. आईला ते सगळं खरं वाटलं. गल्लीत तेव्हा नुकतीच केबल आली होती. गच्च्यांवरून गेलेल्या त्या तारांवर तिला सैतान बसलेले दिसू लागले. भावाच्या खाटेशी ती गुडघे टेकून बसे, जेवायलाही उठत नसे. शेजारच्या काकू मुठीत मीठ-मिरच्या घेऊन दारात आल्या. "लेकराची दृष्ट काढते हो, इसमें धरम कहाँ आया?" एरवी आई हसून काढू द्यायची. त्या दिवशी तिने दार लावून घेतलं. काकूंनी मग आपल्याच अंगणातून आमच्या घराकडे मूठ ओवाळली आणि शेगडीत टाकली. धूर खिडकीतून आत आला. मला ठसका लागला. प्रार्थना करता करता खाटेवर डोकं टेकून डोळा लागलेली आईसुद्धा खोकत जागी झाली. भाऊ मात्र खोकला नाही, हललाही नाही. आई आता फार थकली आहे. काल माझ्या हातून फोडणी जळाली, तर पलंगावरून धडपडत उतरून तिने गुडघे टेकले आणि मला विचारलं, "मी झोपले होते का गं?"