नजर ठेवजा

"मी जरा डोळे लावतो. नजर ठेवजा, ताई."

एवढं बोलून भाऊ स्टाफ बसच्या खिडकीला डोकं टेकवायचे आणि पुढच्या मिनिटाला घोरायला लागायचे. नजर कशावर ठेवायची, हे काही सांगायचे नाहीत. आता तुम्हीच सांगा, रायपूरहून नव्या रायपूरला जाणाऱ्या त्या लांबलचक रस्त्यावर नजर ठेवण्यासारखं असतं तरी काय? दोन्हीकडे मोकळं रान, मध्ये दुभाजकावरची कण्हेर, आणि अधूनमधून एखाद्या साहेबाची गाडी सुसाट निघून जाते, बस्स. तरी मी आपली डोळे ताणून बसायचे. भाऊ उतरायच्या आधी बरोबर जागे व्हायचे आणि विचारायचे, "ठेवली होती ना?" मी "हो" म्हटलं की त्यांचं समाधान व्हायचं.

हे बोलणं त्यांच्या तोंडात कायमचं बसलेलं. डबा उघडा टाकून हात धुवायला गेले की शेजारच्या टेबलाला "नजर ठेवजा". चहाच्या टपरीपुढे स्कूटर लावली की टपरीवाल्याला "नजर ठेवजा". एकदा साहेबांच्या खोलीत फाईल ठेवून निघताना त्यांनी साहेबांनाच सांगितलं. साहेब इथलेच छत्तीसगढी, मोठे सज्जन. "हव," म्हणाले, आणि भाऊ परत येईपर्यंत फाईलवर हात ठेवून बसले.

आम्ही रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यात एकाच गल्लीत राहायचो. छत्तीसगढ राज्य नवं झालं तेव्हा भाऊ बदली होऊन इथे आले, आणि ऑफिस नव्या रायपूरला गेलं तेव्हा आम्ही दोघं एकाच बसचे झालो. ते माझ्याहून बरेच मोठे. वडील रेल्वेत, मूळ गाव अकोल्याकडलं, त्यामुळे बोली अस्सल वऱ्हाडी. घरात ते आणि वहिनी, दोघंच. मूलबाळ नव्हतं.

आणि या माणसाला वेड कशाचं, तर मोटारींच्या शर्यतींचं! तेही साध्या नाही. सकाळी झेंडा पडला की संध्याकाळपर्यंत पळत राहायचं, चालवणारे आळीपाळीने बदलायचे, गाडी तीच, अशा लांब पल्ल्याच्या शर्यती. चेन्नईच्या बाहेर एक ट्रॅक आहे, तिथे दर हिवाळ्यात एक व्हायची. नवरा-बायको दशम्यांचा डबा बांधून रेल्वेने जायचे, दिवसभर उन्हात बसायचे आणि काळे ठिक्कर होऊन परत यायचे. स्वतः भाऊ मात्र स्कूटर अशी चालवायचे की बूढा तालाबच्या रस्त्यावर सायकलवाले त्यांना घंटी मारून पुढे जायचे.

मी तोंडाची फटकळ. एकदा म्हटलंच, "भाऊ, गाड्या दिवसभर गोल गोल फिरतात. त्यात पाहायचं काय?"

"सूर्य बी रोज तिकडूनच निघते, ताई. तरी तुमच्या सासूबाई अर्घ्य देतातच ना?"

कपाळ!

पण खरी गंमत पुढेच आहे. सगळं जग पहिल्या गाडीकडे पाहतं. हे दोघं पाहायचे मागच्या रांगेतली. शर्यत सुरू व्हायच्या आधी वहिनी शेवटच्या रांगेतून एक गाडी निवडायच्या, रंग पाहून, साडी निवडावी तशी. मग नियम असा की झेंडा पडल्यापासून संपेपर्यंत दोघांपैकी एकाची नजर त्या गाडीवर राहिलीच पाहिजे. एकाने जेवायचं, दुसऱ्याने पाहायचं. एकाने पाय मोकळे करायचे, दुसऱ्याने पाहायचं. उठताना म्हणायचं, "नजर ठेवजा." आता कळलं ना, हे शब्द कुठून आले ते?

"पण गाडी ट्रॅकच्या पलीकडे गेली की दिसते कुठे?" मी विचारलं.

"नाहीच दिसत. म्हणून त वळणाकडे पाहाव लागते. जिथून ते निघते ना, तिथं डोळे लावून बसायचं. आली की म्हणायचं, आली."

"प्रत्येक वेळी?"

"मंग! आली ते सांगाव लागते, ताई. नाही आली ते त कोणी बी सांगते."

एका वर्षी दोघांचं भांडण झालं. कशावरून, तर शेंगदाण्याच्या चटणीत मीठ जास्त झालं म्हणून. भाऊ डब्यात पाहून बोलत होते, वहिनी भाऊंकडे पाहून बोलत होत्या, गाडीकडे कुणीच पाहत नव्हतं. तेवढ्यात तिचं इंजिन गेलं. गाडी बिघडली कशाने, तर चटणीने! भाऊंना यात काडीची शंका नव्हती. त्यानंतर शर्यतीच्या डब्यातून चटणी हद्दपार झाली. मी हसून हसून बेजार झाले, तर वहिनी गंभीरपणे म्हणाल्या, "हसू नको व. त्या पोट्ट्यांची वर्षाची मेहनत गेली आमच्यापायी."

ते पोट्टे म्हणजे कोइमतूरकडचे दोघं सख्खे भाऊ, दर वर्षी भेटून यांच्या ओळखीचे झालेले. त्यांचं छोटंसं गॅरेज, त्यांनीच जुळवलेली पिस्त्याच्या रंगाची जुनी गाडी. वहिनींना तो रंग असा काही आवडला की पुढे दर वर्षी तीच निवडली. आणि ती गाडी? दर वर्षी अर्ध्यात राम म्हणायची. कधी चाक, कधी गिअर, कधी धूर. शेवटचा झेंडा पडतो तेव्हा गाडीने आपल्या चाकांवर रेषेवरून जायला हवं, तरच शर्यत पुरी केली असं धरतात. ढकलत नेलेली चालत नाही. ते एवढंसं काम त्या गाडीला कधी जमलं नाही. आपल्याकडे दहावीला बसणारी काही मुलं असतात ना, बसतात आणि बसतच राहतात, तशी तिची गत.

मग भाऊ आजारी पडले. पोटाचं दुखणं. डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते वहिनींनी घरात कधी उच्चारू दिलं नाही. अंगावरचा शर्ट दर महिन्याला मोठा मोठा दिसायला लागला. बसमधली खिडकीची जागा रिकामी राहायला लागली आणि मी तिथे पिशवी ठेवायला लागले, दुसरं कुणी बसलेलं मला पाहवत नसे.

हिवाळा लागला तेव्हा ते दवाखान्यातच होते. तिथेही दोघांचा तोच नियम. वहिनी घरी आंघोळीला जायच्या तेव्हा मी बसायचे, आणि दारातून वहिनी म्हणायच्या, "नजर ठेवजो व." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला एकदम रडू आलं.

शर्यत आठवड्यावर आली होती. त्या दोघा भावांचा फोन आला की पुढच्या वर्षीपासून इतक्या जुन्या गाडीला उतरू देणार नाहीत, यंदाची शेवटची. फोन ठेवल्या ठेवल्या भाऊ वहिनींना म्हणाले, "तू जाय."

"मी? एकटी? वेड लागलं का तुम्हाले?"

"कोणाचीच नजर नसली त ते पुरी करणार नाही."

"आन् तुमच्यावर नजर कोण ठेवन?"

"ताई आहेत ना."

वहिनी उठून खिडकीशी गेल्या. दोन दिवस त्या दोघांत बोलणं नव्हतं. भाऊंनी जेवण सोडलं, म्हणजे जे चार घास जात होते तेही. मला राग आला, खरंच आला. मरणाच्या दारात माणूस, आणि हट्ट गाडीचा! मी त्यांना सुनावलं, "भाऊ, त्यांचा जीव तुमच्यात अडकलाय, आणि तुम्ही त्यांना मद्रासला पाठवता?" भाऊ नुसते हसले. "लंबी रेस पाहिलेली बाई आहे ते," म्हणाले. डॉक्टर म्हणाले, अजून वेळ आहे, जाऊन या. आयुष्यात कधी एकटीने दुर्गच्या पुढे न गेलेली ती बाई दशम्या बांधून निघाली. निघताना दाराशी थांबून माझ्याकडे पाहिलं. मीच म्हटलं, "ठेवते, वहिनी."

शर्यतीच्या सकाळी भाऊंच्या उशीवर मोबाईल ठेवला, चार्जर लावलेला. पलीकडून गाड्यांची घरघर, आणि मध्ये वहिनींचा आवाज. "आली." थोड्या वेळाने परत, "आली." जप चालावा तसं चाललेलं. पहिला तासभर मी कंटाळले, मग माझंही लक्ष त्या एका शब्दाकडे लागलं. नर्स येऊन विचारून गेली, "दीदी, कौन आ रहा है?" मी म्हटलं, "गाड़ी."

दुपारी वहिनी गप्प झाल्या. भाऊंनी डोळे उघडले.

"गेली आत, शेडात दुरुस्तीले," वहिनी म्हणाल्या. "धूर निघून राहिला."

"फोन ठेवू नको. दारावर नजर ठेव."

किती वेळ गेला सांगता येत नाही. बाकीच्या गाड्यांची घरघर तेवढी येत होती. माझं बोट भाऊंनी घट्ट धरलं होतं, त्या हाडकुळ्या हातात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. ऊन भिंतीवरून खाली सरकलं. मग एकदम वहिनी ओरडल्या. त्या हळू बोलणाऱ्या बाईला ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"निघाली व! निघाली! तीन चाकांवर चालल्यासारखी येऊन राहिली... रांगत येऊन राहिली... आली! अहो, आली! रेषेवरून गेली! आपल्या चाकांवर गेली!"

भाऊंच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानात गेलं, ते मी पुसलं. मग त्यांनी चहा मागितला. दोन चमचे प्यायले. मला वाटलं, आता हे उठून बसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून श्वास बदलला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि मी त्यांच्या तोंडाकडे पाहूनच समजले. वहिनी तेव्हा परतीच्या रेल्वेत, बल्लारशाला होत्या. मी फोनवर म्हटलं, "वहिनी, लवकर या." जसं काही रेल्वे त्यांच्या हातात होती.

भाऊ दाराकडे तोंड करून पडले होते. अधूनमधून विचारायचे, "कुठवर आली?"

"गोंदिया सोडलं, भाऊ."

"हं."

"डोंगरगड आलं."

त्यांनी दारावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. बसमध्ये पाहायचे तसंच, थकलेलं, विश्वासाचं. "मी जरा डोळे लावतो," म्हणाले. "नजर ठेवजा, ताई."

मी ठेवली. देवाशपथ सांगते, पापणी लवली असेल तेवढीच. छाती वर यायची, खाली जायची. मी त्या वर येण्याकडे डोळे लावून बसले. आली, असं मनात म्हणायचे. मग एकदा ती खाली गेली आणि मी वाट पाहत राहिले.

फोन वाजला. "दुर्ग आलं व," वहिनी म्हणाल्या. "सांग त्यायले."

मी म्हटलं, "सांगते, वहिनी." आणि मी खरंच त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "भाऊ, दुर्ग आलं."

वहिनी स्टेशनवरून थेट आल्या. उन्हाने चेहरा रापलेला, खांद्याला रिकाम्या डब्याची पिशवी. दारातच त्यांना कळलं. त्या माझ्याजवळ आल्या आणि एवढंच विचारलं, "नजर ठेवली होती ना?"

"हो, वहिनी. क्षणभरसुद्धा सोडली नाही."

त्यांनी मान हलवली. मग पिशवी खाली ठेवली, भाऊंच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आली मी. पाहा ना, आली."

नंतर कधीतरी त्या मला म्हणाल्या, "मुद्दामच धाडलं व मले. आपली वेळ आली हे त्यायले मालूम होतं." खरं-खोटं देव जाणे. मला भाऊंचा राग येतो, अजून येतो. आणि बसमध्ये घोरणाऱ्या कुणाचाही आवाज आला की मी वळून त्या खिडकीकडे पाहते.

वहिनी आता एकट्याच आहेत. संध्याकाळी ओट्यावर बसतात, आमच्या गल्लीचं वळण समोर दिसतं तिथे. बस मला मोठ्या रस्त्यावर सोडते. कधी वेळेवर, कधी ऑफिसातच उशीर होतो, कधी पावसात बस अडकते. मी वळणावरून आत शिरते तेव्हा वहिनी तिथेच बसलेल्या असतात, डोळे वळणाला लावून. हातवारे करत नाहीत, हाक मारत नाहीत. मला पाहून ओठांतल्या ओठांत म्हणतात, "आली," आणि उठून आत जातात.