आत गेलेल्या माणसाचं नाव

ती केस आजही मनात ताजी आहे, आणि तिची आठवण झाली की मला आधी दिसते बुटांची एक जोडी. भारीतले, जंगलात घालायचे बूट. आणि तळाला चिखलाचा ठिपकासुद्धा नाही.

तेव्हा मी भामरागडकडच्या एका ठाण्यात फौजदार होते. शिपाई म्हणून लागले आणि शिकत शिकत, परीक्षा देत तिथवर पोचले. आमच्या हद्दीत अभयारण्याच्या पार आतल्या अंगाला दलदलीचं जंगल आहे. काळ्या पाण्यात झाडं उभी, आणि वर्षानुवर्षं कुजलेल्या पानांचा एवढा जाड थर की जमीन गादीसारखी दबते. मोबाईल तिथे लागत नाही. ते बघायला फार कोणी येत नाही, पण येणारा हौशीच असतो.

असेच एक साहेब नागपूरहून बायकोला घेऊन आले होते. निवृत्त माणूस, रानफुलांचे फोटो काढायचं वेड. बाईंना विश्रामगृहात ठेवून सकाळीच एका ढीवर भाऊसोबत ते दलदलीत गेले. हा भाऊ मासे धरायचा, आणि वनखात्याची परवानगी घेऊन आलेल्यांना वाट दाखवायचा.

दुपारी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. म्हणाला, ढीवर एकटाच परत आला, पाहुण्याचे बूट त्याच्या घरी आहेत, आणि तो घाईघाईनं दोर गोळा करून राह्यला आहे.

आता तुम्हीच सांगा, पोलिसाला काय वाटेल? स्टेशन डायरीत नोंद केली, हवालदार गेले, बुटांसकट भाऊला घेऊन आले. मागोमाग विश्रामगृहातून बाईही आल्या. बूट ओळखले आणि बाकावर बसल्या. रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "माझ्यासोबत भाजी आणायला यायचं तर यांचे पाय दुखतात. चिखलात जायला बरे दुखत नाहीत." पण बूट हातातून खाली ठेवले नाहीत. दिवस मावळायला वेळ होता, पण फार नव्हता.

मी विचारपूस सुरू केली. सकाळी किती वाजता निघाला, कोणत्या वाटेनं गेला, सगळं भाऊनं नीट सांगितलं. साहेबांचा विषय आला की ओठ बंद. कुठे सोडलं? गप्प. भांडण झालं का? गप्प. अधूनमधून एकच बोलणं, "मले जाऊ द्या बाई. दोर घेऊन जाचं आहे."

हवालदार तापले. "दोर कशाले पाहिजे तुले? काय ओढाचं आहे?"

भाऊनं मान खाली घातली. हवालदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मॅडम, झाली केस.

पण खोटं बोलणारा माणूस मी पुष्कळ पाहिला आहे. तो गप्प बसत नाही, भरपूर बोलतो. आणि तो तुमच्याकडे बघतो, तुम्हाला पटलं की नाही ते तपासायला. हा सारखा दाराकडे बघत होता, उन्हाकडे. शिवाय ते कोरडे बूट. ते चिखलात जायच्या आधीच काढून ठेवलेले होते.

मी विषय बदलला. मागं त्याच दलदलीत एक जण बुडून मेला होता, त्याबद्दल विचारलं. भाऊनं चटकन नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. म्हणजे मेलेल्याचं नाव घेतो, आणि या साहेबांचं घेत नाही.

आणि मला माझं लहानपणचं गाव आठवलं, चंद्रपूरकडचं मूल. आमच्या शेजारी ढीवरांची घरं होती. माणूस तलावावर गेला की तो परत येईपर्यंत घरात कोणी त्याचं नाव काढायचं नाही, त्याच्याबद्दल बोलायचंही नाही. नवऱ्याचं नाव बायका एरवीही घेत नसत, पण इथे लेकरंसुद्धा गप्प. नाव घेतलं तर पाणी त्याला ठेवून घेते म्हणायचे. जाताना काढलेल्या वहाणा कोणीतरी घरात आणून ठेवायचं, म्हणजे त्याला घरी यावंच लागते. आणि कुणी विचारलंच तर एक शब्द चालायचा, तेवढाच: 'येते', म्हणजे येतोच आहे.

मी खुर्ची पुढे ओढली आणि हळूच विचारलं, "भाऊ, येते का?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले.

"येते, बाई. पण चालत नाई येत."

बाकावर बाईंनी पदर तोंडाला लावला.

पुढचं त्याला सांगायची गरजच पडली नाही. दोर, एक बाज, गावातली चार धट्टीकट्टी माणसं घेतली, आणि जीप जाईल तिथवर नेली. दलदलीच्या काठी भाऊनं सगळ्यांना पायताण काढायला लावलं, बुटात चिखल भरला की पाय निघतच नाही. हवालदार कुरकुरत होते, पण त्यांनीही बूट काढले. पाऊल टाकलं की दूरवरचं झुडूप हलायचं. साडीवाल्या बायांना जमेल असं ते काम नाही, पण वर्दीत जमते.

साहेब मासे धरणाऱ्यांच्या मचाणावर बसले होते. घोटा सुजून भोपळा झालेला, आणि गळ्यात कॅमेरा. आम्हाला बघून पहिलं काय म्हणाले, तर, "मॅडम, जरा डावीकडून या. तिथे फूल आहे."

बाजेला दोर लावून त्यांना ओढत काठावर आणलं तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यावर होतं. भाऊनं जीपमधून बूट आणून त्यांच्या पायाशी ठेवले. आणि मग मोठ्यानं त्यांचं नाव घेतलं, साहेब-बिहेब न जोडता, जसं घरच्या माणसाला हाक मारावी तसं. साहेब चमकले. मग हसले आणि म्हणाले, "हो, आलो."

हरवल्याची तक्रार मी लिहिलीच नाही. डायरीत सुखरूप सापडल्याची नोंद केली आणि ठाण्यात सगळ्यांना चहा दिला. हवालदारांनी आपल्या हातानं भाऊच्या कपात दोनदा ओतला.

त्यानंतर नवीन पोरं ठाण्यात आली की मी त्यांना हेच सांगायचे. आरोपी काही सांगत नाही असं लिहिण्याआधी, तो काय सांगून राह्यला ते ऐका. भाऊ तर पहिल्यापासून सांगत होता, दोर घेऊन जाऊ द्या म्हणून.

त्या दोघांशी अजून फोन होतो. साहेबांचं जंगलात जाणं काही सुटलं नाही. मी विचारते, साहेब घरी आहेत का? ते बाहेर कुठे रानात गेले असले, की बाई नाव घेत नाहीत, कुठे गेले तेही सांगत नाहीत. एवढंच म्हणतात, "येतात."